बुधवारची सही, शुक्रवारचं जाणं

एम्स, आयोवा
११ जानेवारी २०२६

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

महिना उलटून गेला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. ५ डिसेंबरला आपल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच मॅट कॅम्पबेल पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाकडे चालल्याची बातमी आली आणि रात्री तुझा फोन आला. तू बराच वेळ आवाज चढवून बोलत होतास. शेवटी म्हणालास, "बाबा, तुम्ही त्याच्या जागी असता तर पैशासाठी असं टाकून गेला असता का?" मी "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिला. तुला वाटलं असेल, बाबांना झोप आली. झोप आली नव्हती. त्याचं खरं उत्तर फोनवर सांगवेना, एवढंच. आज आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या तयारीला डे मॉइनला गेली आहे, बाहेर बर्फ आहे, घरात मी एकटाच. म्हणून लिहायला बसलो.

तुझा राग मला परका नाही. २०१५ च्या नोव्हेंबरअखेर कॅम्पबेल इथं आला तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. पहिल्या हंगामात बारापैकी तीन सामने जिंकले. थंडीत कुडकुडत आपण दोघं जॅक ट्राइस स्टेडियमवर बसायचो, मध्यंतरानंतर आजूबाजूची बाकडी रिकामी व्हायची, आणि तू मला उठू द्यायचा नाहीस. मग २०१७ चा तो ७ ऑक्टोबर. ओक्लाहोमा देशात तिसऱ्या क्रमांकावर, सामना त्यांच्या मैदानावर, आपला मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, संघात नाही, त्याच्या जागी काइल केम्प्ट नावाचा पोरगा पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळतोय. आणि ३८-३१ नं आपण जिंकलो. तू अनवाणी अंगणात पळत गेलास, आणि आई मागून चप्पल घेऊन. २०२१ च्या जानेवारीत फिएस्टा बाउलमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात, ओरेगॉनला हरवलं ते आपण घरातच पाहिलं, करोनामुळे. आणि २०२४ ला अकरा विजय, विद्यापीठाच्या सबंध इतिहासात पहिल्यांदा. हे सगळं ज्या माणसानं दिलं तो गेला, तर पोटात तुटणारच. मी कोल्हापूरचा. लहानपणी आमच्या गल्लीतला एक फॉरवर्ड दुसऱ्या तालमीकडून उतरला, तर त्याच्या आईला पाणी भरायला गेल्यावर बोलणी खावी लागली. आमचा फुटबॉल वेगळा, इथला वेगळा, पण राग तोच.

तरीही सांगतो, कॅम्पबेलनं जाण्यात चूक केली असं मला वाटत नाही. ज्या दिवशी गेला, त्या दिवसाबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

आधी जाण्याबद्दल. दहा हंगाम तो इथं राहिला. मधल्या काळात त्याला दारं उघडी नव्हती असं नाही. डेट्रॉइट लायन्सपासून कुणाकुणाची नावं दरवर्षी त्याच्याशी जोडली जायची आणि दर डिसेंबरात आपण श्वास रोखून बसायचो. पेन स्टेटनं त्याला आठ वर्षांचा करार दिला, पगार इथल्यापेक्षा पुष्कळ जास्त. पण पगार हे एकच कारण धरलं तर आपण त्या माणसाला फार लहान करतो. तो ओहायोतल्या मॅसिलनचा. ते गाव म्हणजे फुटबॉलचं कोल्हापूर समज. पेन स्टेट त्याच्या घरापासून आयोवापेक्षा कितीतरी जवळ. शिवाय गेल्या जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्यावर देणगीदारांच्या जाहिरातींचे वेगळे. आपल्या स्टेडियमात ६१,५०० माणसं मावतात, त्यांच्या स्टेडियमात एक लाखाहून जास्त. या दोन आकड्यांतलं अंतर कोचच्या खिशापुरतं राहत नाही. किती सहायक नेमता येतील, त्यांना काय देता येईल, कुठला पोरगा हातचा जाणार नाही, हे सगळं त्यावर ठरतं. सेहेचाळिसाव्या वर्षी एखाद्याला वाटलं की राष्ट्रीय विजेतेपदासाठी एकदा खरोखर लढून पाहावं, तर त्याला लोभी कसं म्हणायचं?

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. कॅम्पबेल स्वतः खेळाडू म्हणून आधी पिट्सबर्ग विद्यापीठात गेला होता, मोठ्या संघात. तिथून तो निघाला आणि माउंट युनियन नावाच्या छोट्या कॉलेजात आला, जिथं खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. म्हणजे पहिल्यांदा सोडून गेला तो मोठ्याकडून लहानाकडे. तिथं त्याला कोच मिळाले लॅरी केरेस. हा माणूस त्याच कॉलेजात सत्तावीस हंगाम राहिला. अकरा राष्ट्रीय विजेतेपदं, ३३२ विजय आणि फक्त २४ पराभव. त्याला बोलावणारे थोडे असतील का? पण तो राहिला. असा गुरू डोळ्यांसमोर असताना शिष्य निघाला, याचा अर्थ तो काही न कळता निघाला नाही, असं मी धरतो.

आणि तू लहान असताना मी तुला शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरची गोष्ट रात्री झोपताना सांगायचो ती आठव. आपल्या घरी, म्हणजे महाराष्ट्रात, तो माणूस जितका लाडका आहे तितका मला इथंही क्वचित दिसला. याच विद्यापीठातला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिला कृष्णवर्णीय शिक्षक. फुटबॉलच्या पोरांचं दुखरं अंग रगडून द्यायचं कामही त्यानं इथं केलेलं. तोसुद्धा १८९६ साली एम्स सोडून अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला गेला आणि १९४३ साली मरेपर्यंत तिथंच राहिला. त्याला आपण सोडून गेला म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की गाव सोडणं हा आपोआप गुन्हा होत नाही. कशाकडे गेला ते पाहावं लागतं, आणि मागे काय ठेवून गेला तेही.

आता मागचं.

३ डिसेंबर, बुधवार. त्या दिवशी देशभरातल्या बारावीच्या पोरांनी आपापल्या विद्यापीठांच्या कागदांवर सह्या केल्या. आयोवा स्टेटसाठीही केल्या. कुठल्याशा गावात स्वयंपाकघराच्या टेबलाशी आईवडील बसलेले, आजी आलेली, पोरानं टोपी घातलेली. ही पोरं इमारतीवर सही करत नाहीत. घरी येऊन, जेवून, "तुमच्या मुलाची जबाबदारी माझी" असं सांगून गेलेल्या माणसावर सही करतात. आणि शुक्रवारी तो माणूस दुसऱ्या राज्यात. दोन दिवस! हे माझ्या गळी उतरत नाही. पुढे काय झालं तुला माहीत आहे. पुरेसे तंदुरुस्त खेळाडू उरले नाहीत म्हणून आठ सामने जिंकलेल्या संघानं बाउल सामना खेळायला नकार दिला, बिग ट्वेल्व्हनं, म्हणजे आपला संघ ज्या गटात खेळतो त्यानं, विद्यापीठाला ५ लाख डॉलर दंड केला, आणि बरेच खेळाडू कोचच्या मागोमाग निघाले. जे शेवटच्या वर्षात होते त्यांचा शेवटचा सामना होऊन गेला होता, आणि तो शेवटचा आहे हे त्यांना खेळताना ठाऊकच नव्हतं.

यात एकट्या कॅम्पबेलला धरणं बरोबर नाही, हेही सांगतो. पूर्वी सह्या फेब्रुवारीत व्हायच्या. २०१७ पासून डिसेंबरातही होऊ लागल्या, आणि आता सगळा भार तिथंच आला. कोचांची शोधाशोध, सह्या, बाउल सामने, सगळं एकाच महिन्यात कोंबलेलं. ऐन पेरणीच्या दिवसांत जमिनीची मोजणी काढावी तसं. ज्यांच्या हातात हे वेळापत्रक आहे त्यांनी सह्या परत फेब्रुवारीत न्याव्यात, आणि हंगामाचा शेवटचा सामना होईपर्यंत कुणी कुणाचा कोच उचलू नये असा नियम करावा. नियम नसतो तेव्हा भला माणूसही शुक्रवारी निघतो.

आणि ज्यांना भलं म्हणवत नाही असेही आहेत. ब्रायन केली नावाच्या कोचचा सिनसिनाटी विद्यापीठाचा संघ २००९ साली बाराच्या बारा सामने जिंकला होता. शुगर बाउल तोंडावर होता आणि हा नोटर डेम विद्यापीठाकडे निघून गेला. पोरं फ्लोरिडाकडून ५१-२४ नं हरली. बारा वर्षांनी त्यानं नोटर डेमही सोडलं, एलएसयूकडे, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे, दहा वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर. गेल्या ऑक्टोबरात एलएसयूनं त्यालाच काढलं. त्याच्या जागी कोण आला, तर लेन किफिन, ज्याचा ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, संघ अकरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफच्या दारात उभा होता. त्या पोरांना टाकून. ती पोरं तरी पुढे गेली, जॉर्जियाला हरवून उपांत्य फेरीपर्यंत पोचली, कालपर्यंत सहायक असलेल्या कोचच्या हाताखाली. परवा गुरुवारी मायामीकडून हरली तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो. माझा त्या संघाशी काही संबंध नाही. पण राहवलं नाही.

तू म्हणशील, विद्यापीठं तरी कुठली एकनिष्ठ? खरं आहे. पेन स्टेटची जागा रिकामी का झाली ते पाहा. जेम्स फ्रँकलिननं संघ मागच्या जानेवारीत उपांत्य फेरीत नेला, ऑगस्टमध्ये संघ देशात दुसरा मानला जात होता, आणि १२ ऑक्टोबरला, तीन पराभवांनंतर, त्याला घरी पाठवलं. करारातली देणी जवळपास ५ कोटी डॉलरची, ती द्यायची तयारी ठेवून. अशा बाजारात कोचनंच तेवढा जन्मभर एका जागी राहावं, ही अपेक्षा मी करणार नाही. विद्यापीठाचं त्याच्यावर काही देणं राहत नाही. पोरांचं राहतं. ती कुणाला काढत नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. इतकं सगळं लिहिलं ते बहुतेक तिथं पोचायला उशीर व्हावा म्हणूनच.

मी गेलो होतो. १९९७ साली मी महाराष्ट्रातल्या एका कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवत होतो. हाताखाली एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी, दोघंही शेतकऱ्यांची पोरं. जूनमध्ये त्यांचे प्रबंध द्यायचे होते. नोव्हेंबरात मला इथून संशोधनाच्या जागेचं पत्र आलं. २ जानेवारीला रुजू व्हा, असं त्यात होतं. तिथल्या पगाराच्या किती पट, ते आता लिहीत नाही, त्या वेळी मी ते पाकिटाच्या मागे गुणाकार करून पाहिलं होतं. आजोबांच्या दवाखान्याचं कर्ज होतं, आई आणि मी दोन खोल्यांत राहत होतो. जाण्याचा निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही.

पण मी जुलैपर्यंत मुदत मागू शकलो असतो. एक पत्र टाकायचं होतं. कदाचित दिली असती, कदाचित नसती. मी विचारलंच नाही. विचारलं तर जागा जाईल ही भीती, आणि खरं सांगायचं तर जाण्याची घाईही. एका शनिवारी प्रयोगशाळेत त्या दोघांना सांगितलं. टेबलावर मातीच्या नमुन्यांच्या कापडी पिशव्या होत्या, प्रत्येकीला शेताचं नाव आणि खोली लिहिलेली चिठ्ठी बांधलेली. त्यातला एक जण पिशव्यांकडे बघत म्हणाला, "सर, मग आमच्या नमुन्यांचं काय?"

मी सांगितलं, नवे सर बघतील. नव्या सरांनी विषय बदलायला लावला. त्याचं एक वर्ष गेलं. हे मला तिसऱ्याकडून कळलं, इथं आल्यावर दोन वर्षांनी.

तर बाळा, मी गेलो असतो का, याचं उत्तर हे. गेलो, आणि जानेवारीत गेलो. कॅम्पबेलची बातमी तू सांगत होतास तेव्हा मला त्या पिशव्या दिसत होत्या. त्याचा पगार कितीने वाढला याच्याशी मला काही घेणं नाही, वाढू दे. सह्या केलेल्या प्रत्येक पोराला त्यानं शुक्रवारी स्वतः फोन केला का, हे मला विचारायचं आहे. केला असेल तर माझ्याहून तो चांगला शिक्षक आहे.

त्या विद्यार्थ्याचा नंबर मागच्या आठवड्यात मिळवला. तो आता कृषी खात्यात आहे, तिकडे सातारा भागात. अजून लावलेला नाही. इथली रात्र ती तिथली सकाळ, तेव्हा आज आई यायच्या आत लावीन म्हणतो.

तुझी जर्सी तू खोक्यात भरून ठेवायला सांगितली होतीस. आईनं ती धुऊन तुझ्या कपाटातच टांगली आहे, आणि मी तिला काही म्हटलं नाही. नवीन कोच जिमी रॉजर्स वॉशिंग्टन स्टेटहून आलाय, एकच हंगाम तिथं करून, म्हणजे तिकडच्या पोरांच्या घरीही असंच कुणीतरी चिडून बसलं असेल. आपली सीझन तिकिटं मी पुन्हा काढली आहेत, दोन्ही. सप्टेंबरात रजा मिळते का बघ. भडंग मी करून आणीन.

तुझे,
बाबा