चुन्याचा वास

बाथ, इंग्लंड, 9 नोव्हेंबर

प्रिय दिन्या,

सात महिने पत्र नाही, चूक माझी. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

काल गवंड्यानं पुढच्या ओल्या भिंतीवरचं जुनं सिमेंट काढलं. आतला दगड बोटानं खरवडला तर पिठासारखा हातात आला. इथला दगड मधाच्या रंगाचा, पण मऊ. त्याला चुनाच लागतो. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं आणि दगड सडतो. मग त्यानं घमेल्यात चुना कालवला, आणि दिन्या, तुमच्या वाड्याचा चौकच समोर आला! पावसाळ्याआधी अप्पा डागडुजी करायचे आणि आपण दोघं चुन्यात पाय घालून मार खायचो.

खर्चाचा आकडा ऐकून रात्रभर झोप नाही. घर संरक्षित यादीतलं. परवानगीशिवाय खिडकीची जुनी काचसुद्धा बदलली तर गुन्हा. 1970च्या दशकात इथल्या रॉयल क्रेसेंट नावाच्या जुन्या घरांच्या रांगेतल्या एका बाईंनी दार पिवळं रंगवलं, तर पालिकेची नोटीस आली. प्रकरण थेट मंत्र्यापर्यंत गेलं, आणि बाई जिंकल्या! तुझी आई असती तर तीही अशीच लढली असती.

ती रांग तुला दाखवायची आहे. 1767 ते 1774 मध्ये बांधलेली 30 घरं, अर्धचंद्रासारखी, पुढे 114 खांब, सगळा दर्शनी भाग एकसारखा. घेणाऱ्यानं दर्शनी भाग घ्यायचा आणि मागचं घर आपल्या माणसाकडून हवं तसं बांधायचं. म्हणून पुढून पैठणी, मागून गोधडी. मला तर मागची बाजूच जास्त आवडते. कुणाच्या घरात माणसं किती, पैसा किती, सगळं तिथे कळतं.

घर विकावं असं मनात येतंय. वाडा बिल्डरला दिलास तेव्हा मी तुला नाही नाही ते बोललो होतो. "तिकडे बसून बोलायला काय जातं," असं तू म्हणालास, ते खरंच होतं. मी विकलं तरी हे घर उभं राहील, कायदा आहे. तुझ्यामागे कोण होतं? गळकं छप्पर, अकरा हिस्सेदार आणि तू एकटा. माझं चुकलं.

मुक्ताचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. बीपीची गोळी चुकवू नकोस.

दिंडीदरवाजाची पितळी कडी तू काढून ठेवली होतीस ना? अजून आहे का, कळव.

तुझा,
नंदू