झाडीपट्टीच्या मातीला झाडीपट्टीचाच सल्ला द्या

संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरच्या शेतीच्या पानावर शेंगभाज्या पिवळ्या का पडतात यावर लेख आला होता, त्यात सांगितलं होतं की फेरस सल्फेट फवारा आणि जमिनीत जिप्सम टाका. लेख चुकीचा नाही, पण तो अकोला-अमरावतीकडच्या काळ्या वावरासाठी आहे, आणि पेपर तर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडेही येतो, तिकडे आरमोरी-कुरखेड्यातही वाचतात. आमच्या बचत गटातल्या बायका तो लेख कापून कृषी केंद्रात घेऊन गेल्या आणि जिप्समची चुंगडी घेऊन आल्या. म्हणून लिहिते आहे, पत्र थोडं लांबेल पण कापू नका.

विदर्भ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर कापसाची काळी जमीन येते. बुलढाणा-अकोल्याला पाऊस 700-800 मिलीमीटर, मातीत चुनखडी भरपूर, सामू (माती किती आंबट ते सांगणारा pH चा आकडा) 7.5 ते 8.5. तिथं लोह असतं पण झाडाला मिळत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, आणि फेरस सल्फेट फवारलं की फरक दिसतो. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, खारवट जमिनीत, जिप्समही कामाचं आहे. आमच्याकडे पाऊस 1300 च्या वर, गडचिरोली-गोंदियाकडे 1500 पर्यंत जातो, आणि एवढं पाणी वर्षानुवर्षं जमिनीतून झिरपलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन खाली जातं. तरी कन्हार म्हणजे भारी काळसर जमीन बरी राहते, पण बरडी, खरडी आणि लालसर हलक्या मातीत पुष्कळ ठिकाणी सामू 5.5 च्या खाली मिळतो. 7 ला माती ना आंबट ना खारी, आणि सामू एका आकड्याने उतरला की आंबटपणा दहापट वाढतो, म्हणजे 6 आणि 5 मधला फरक कागदावर छोटा वाटतो पण झाडाच्या मुळाला तो फार मोठा आहे. त्यात आपण दरवर्षी युरिया ओततो, अमोनियम सल्फेट टाकतो, ही खतंसुद्धा माती हळूहळू आंबटच करतात.

कोणाला हे सांगायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, माती आंबट असती तर धान कसा पिकला असता? धान पिकतो कारण बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरात, पाणी साचून राहतं, आणि आंबट माती काही आठवडे पाण्याखाली राहिली की तिचा सामू आपोआप वर सरकतो, 6.5-7 च्या जवळ जातो. धानाला त्रास होत नाही म्हणून आपल्याला कळतही नाही. बांधी सुकली, त्यात हवा शिरली की माती परत मूळ ठिकाणी येते, आणि धानानंतर त्याच बांधीत किंवा सांदवाडीच्या (घरामागच्या परसबागेच्या) उंच जागेवर जिथं पाणी कधी साचतच नाही तिथं आपण शेंगा लावतो आणि मग बी खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतो.

सगळ्या शेंगा सारख्या नाजूक नसतात हे पण सांगते. बरबटी (चवळी) काटक आहे, वालही बऱ्यापैकी सहन करतो, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी मांडवावर वाल आणि कडेनं बरबटीच लावली असं मला वाटतं. पण आता आठवडी बाजारात फरसबीला भाव मिळतो म्हणून गावोगावी बाया फरसबी लावायला लागल्या, आणि फरसबीला 6 ते 7 च्या मधला सामू पाहिजे. 5.5 च्या खाली मातीतलं अॅल्युमिनियम विरघळून मुळाच्या टोकालाच लागतं. ते कुठून बाहेरून येत नाही, मातीच्या कणातच असतं, आंबटपणा वाढला की सुटतं. मूळ लांब जाणं थांबतं, आखूड, जाड, तपकिरी होतं, बारीक तंतुमुळं फुटतच नाहीत. सुपर फॉस्फेट टाकलं तरी ते लोह-अॅल्युमिनियमला चिकटून बसतं आणि झाडाला मिळत नाही. वरून झाड खुजं, आठ दिवस पाऊस उघडला की भर श्रावणात मान टाकतं, आणि लोक म्हणतात रोग आला, फवारा मारा.

फवारा आणायच्या आधी एक काम करा. कमजोर झाड ओढून उपटू नका, खुरप्यानं भोवतालची माती सैल करून ढेकळासकट काढा आणि बादलीतल्या पाण्यात हळूहळू हलवत मुळं धुवा. मुळांवर गाठी दिसतात का बघा. फरसबीला तशाही गाठी कमीच येतात, म्हणून त्याच वाफ्याजवळची बरबटी काढून बघितली तर जास्त नीट कळेल. गाठ नखानं फोडायची. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती हवेतलं नत्र धरते आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसती बसून आहे, आणि गाठीच नसतील तर रायझोबियमचे जिवाणू त्या मातीत टिकलेच नाहीत. अशा झाडाची खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, पूर्ण पान, शिरांसकट. काळ्या मातीत वरची कोवळी पानं, आमच्याकडे खालची जुनी पानं, एवढा एक फरक जरी त्या लेखात आला असता तरी जिप्समचे पैसे वाचले असते. जिप्सममध्ये कॅल्शियम असतं म्हणून लोकांना तो चुनाच वाटतो, पण जिप्समनं सामू वाढत नाही.

सामू वाढवायला दळलेली चुनखडी पाहिजे. डोलोमाइट मिळालं तर अजून बरं, त्यात मॅग्नेशियम पण येतं. पिठासारखी बारीक पाहिजे, रव्याएवढे खडे असतील तर वर्षभर तसेच पडून राहतात. पूर्ण शेताची माती सुधारायची तर एकरी टनाच्या हिशोबानं लागू शकते, हलक्या मातीला कमी, भारी मातीला जास्त, आणि तेवढं सगळ्यांना झेपत नाही. पण रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की पेरणीच्या सरीतच हेक्टरी 3 ते 4 क्विंटल चुना द्यायचा, दर हंगामात थोडा थोडा. म्हणजे गुंठ्याला 3-4 किलो. सांदवाडीतल्या वाफ्याला हे कोणालाही जमतं. सरी काढायची, चुना टाकायचा, मातीत कालवायचा, त्यावर थोडी माती ओढून मग बी. पूर्ण शेतात टाकायचा असेल तर धान निघाल्यावर ओल असताना किंवा मृगाच्या आधीच्या नांगरणीत टाका, वरचा वीतभर थर नीट मिसळला पाहिजे, कारण चुना जिथं पडतो तिथंच काम करतो, स्वतः खाली जात नाही, आणि कोरड्या मातीत तर कामच करत नाही.

घर सारवायचा-रंगवायचा चुना चालतो का असं सगळे विचारतात. चालतो, पण तो जोरात असतो. 100 किलो चुनखडीचं काम विरलेला चुना 74 किलोत करतो आणि कळीचा चुना 56 किलोत, म्हणून प्रमाण कमी धरा, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी टाका, हातात मोजे, डोळ्यावर चष्मा, आणि लेकरांना जवळ फिरकू देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो. कोणताही चुना युरिया, डीएपी किंवा ताज्या शेणखतात मिसळून टाकू नका, अमोनिया उडून जातो, वासच येतो त्याचा. चुलीतली लाकडाची राख पण कामाची आहे, त्यातून पोटॅशही मिळतं. मात्र राईस मिलमधून कोंड्याची राख बंडीभर आणून टाकतात तिच्यात बहुतेक सिलिकाच असते, तिनं आंबटपणा जाईल या भरवशावर राहू नका. आणि बियाण्याला रायझोबियम जरूर लावा, 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला, गुळाच्या पाण्यात, त्यावर बारीक चुनखडीची पूड घोळवली तर जिवाणू आंबट मातीत तग धरतात. इथं कळीचा किंवा विरलेला चुना अजिबात नाही, तो जिवाणूच मारतो.

हे सगळं माती तपासल्याशिवाय करू नका. कन्हार जमिनीत किंवा काळ्या मातीत कोणी हे पत्र वाचून चुना टाकला तर झिंक, लोह, बोरॉन मिळेनासं होईल आणि पिवळेपणा अजून वाढेल. मृद आरोग्य पत्रिका योजना 2015 पासून सुरू आहे, 12 गोष्टी तपासतात, सामू त्यात आहेच. नमुना घेताना झाडाखालची, धुऱ्याची (बांधाची), उकिरड्याजवळची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्हीसारखा खड्डा करून एका बाजूची माती घ्यायची, मिसळायची, सावलीत वाळवून अर्धा किलो द्यायची.

आता माझं खरं दुखणं. रिपोर्टवर सामू 5.2 लिहून येतो, पण त्याचं करायचं काय हे गावात कोणी सांगत नाही, आणि कळलं तरी चुनखडीची पूड तालुक्याला मिळत नाही. ज्या जिल्ह्यात चुनखडी खणून गडचांदूर-कोरपन्याचे सिमेंट कारखाने चालतात, शेजारच्या वणीकडे पण चुनखडीच आहे, त्या जिल्ह्यातल्या कास्तकारानं पूड मागितली तर म्हणतात ट्रकभर घ्या. गुंठ्याला 4 किलो लागणारी बाई ट्रक कुठून घेईल? केरळात भाताच्या शेतीत चुना टाकणं नेहमीचं आहे, त्यावर सरकार अनुदान देतं, कृषी भवनातून मिळतो. आपल्याकडे 25 किलोच्या चुंगडीत, वर शुद्धता आणि बारीकपणा छापलेली चुनखडी कृषी केंद्रात ठेवायला काय अडचण आहे? खताच्या अनुदानापुढे तिचा खर्च काहीच नाही.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे साहेब, शेतीच्या पानावर पूर्व विदर्भाचा वेगळा चौकोन सुरू करा, सल्ला छापताना तो कोणत्या सामूच्या जमिनीसाठी आहे ते वर लिहा, आणि सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातल्या एखाद्या शास्त्रज्ञाला विचारून बरडी-खरडी मातीत फरसबीला किती चुना लागतो ते मृगाच्या आधी छापा, कारण आमच्या बाया जून लागला की वाफे करायला घेतात.

आपली,
एक महिला कास्तकार
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर