शनिवारच्या कसबा पेठ फेरीबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी ठीक ८ वाजता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जमायचे आहे. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे तिथेच पाहून घेऊ. हत्तींच्या धडकेपासून बचावासाठी ते ठोकलेले आहेत. वाड्यात मात्र जाणार नाही, वेळ पेठेला द्यायचा आहे.

कसबा गणपतीचे दर्शन घेऊन तांबट आळीत जाऊ. रविवारऐवजी शनिवार मुद्दाम ठरवला, कारण काम चालू असताना आळी बघण्यात खरी मजा. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी बसवत मठारकाम कसे होते, ते जवळून बघा. कारागिरांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका, वाटेत घोळका करू नका.

शेवट सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपाशी. १७५४ साली बांधकाम सुरू झालेले हे काळ्या दगडाचे देऊळ अनेक पुणेकरांनीही पाहिलेले नाही, याचे वाईट वाटते. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने गेंडा बांधणारा इंग्रज शिपाई कोरलेला आहे, तो चुकवू नका. मयूरावर बसलेली तीन सोंडांची मूर्तीही निवांत पाहू.

गाड्या शक्यतो घरीच ठेवा, बसने या. पाण्याची बाटली, टोपी आणि सहज काढता येतील अशा चपला हव्यात. नावे गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.