कितीला पडली? रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय मोडता, म्हणून हे पत्र जाहीर. तुमचा पुतण्या वाचून दाखवेलच. दुसरं कारण असं की माझ्या थंडरबर्ड मोटरसायकलला साइडकार, म्हणजे बाजूला जोडलेली तिसऱ्या चाकाची बैठक, लागल्यापासून जिथे थांबेन तिथे पहिला प्रश्न "कितीला पडली?" हाच येतो. तो हिशोब तुम्हाला वगळून सांगताच येत नाही.

साइडकारचं खूळ कशाला, ते तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. हिला, म्हणजे बायकोला, बंद गाडीत गाडी लागते. हातखंबा येईपर्यंत लिंबू हुंगून होतं, पाली येईपर्यंत आवळासुपारी संपते. मोटरसायकलवर मात्र मागे बसून कुठेही यायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि टांग टाकून बसणं बंद झालं. म्हणजे गाडी उघडी हवी आणि पाय लांब करायला जागा हवी. रिक्षा घ्या, असं सुचवणारे भेटले. त्यांना रामराम.

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने सव्वादोन लाख सांगितले होते. त्यात पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बदलून लीडिंग लिंक नावाच्या वेगळ्या जोडणीचा बसवायचा होता. त्याने हँडल खूप हलकं होतं, हे खरंच आहे. पण तेवढ्या पैशात दुसरी मोटरसायकल येते.

तुम्ही ट्रॉलरची वेल्डिंगं करणारे. चेतक स्कूटरला साइडकार लावून चौघांचं कुटुंब फिरायचं त्या काळात तुम्ही त्या बसवल्या होत्या, एवढ्या ऐकीव माहितीवर मी आलो. तुमचं पहिलं वाक्य होतं, "आधी आरटीओ, मग विमावाला, मग मी." 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार धरलेली आहे, पण म्हणून कोणी उठून बसवावी असं नाही. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल कलम 52 मुळे अडतो. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत तुम्ही पट्टीसुद्धा लावली नाहीत. तेव्हा मला वैताग आला होता, ते आता सांगायला हरकत नाही.

दुसरं वाक्य, "फ्रेमला आग लावायची नाय." थंडरबर्डची फ्रेम पुढून एकाच नळीची, खालचा भार इंजिनच पेलतं. तिथे वेल्डिंग केलं की नळी टाक्याशेजारी कमजोर होणार. म्हणून तुम्ही इंजिनाखालून वेगळी सबफ्रेम केलीत आणि क्लॅम्पने चार ठिकाणी पकडलीत, दोन खाली, दोन वर. सीमलेस पाइप, क्लॅम्प आणि लेथचं काम मिळून 18,000. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि रंग चढल्यावर यातलं काही दिसतही नाही. बोल्टांवरून आपला वाद झाला. मी म्हणत होतो स्टेनलेस घालू, खाऱ्या हवेत गंजणार नाही. तुम्ही म्हणालात, स्टेनलेस गंजत नाय पण ओढ बसली की लांबतो, इथे 8.8 ग्रेडचा हायटेन्साइल, म्हणजे जास्त ओढ सोसणाराच हवा, गंजला तर बदल, पन्नास रुपये जातील.

साइडकारचा टप, म्हणजे बसायचा सांगाडा झाकणारा डबा, तुमच्याच शेजारच्या फायबरच्या होड्या करणाऱ्याने ओतून दिला, 14,000 ला. पाणी आत येऊ न देणं त्याला नवीन नव्हतंच. आत आलेलं पाणी बाहेर जायला खाली भोक ठेवायचं, हे मात्र त्याला दोनदा सांगावं लागलं. चाक, हब, टायर आणि शॉक 11,000. सीट आणि काच 6,000. रेड ऑक्साइड आणि रंग 5,000. रुंद हँडल आणि चेनचं पुढचं लहान दातेरी चाक (स्प्रॉकेट) मिळून 3,500. मी क्रोमच्या पट्ट्या मागत होतो, त्या तुम्ही एका पावसाळ्याची गोष्ट सांगून उडवून लावल्यात आणि ते पैसे ब्रेकला लावायला लावलेत.

त्या 4,000 च्या ब्रेकसाठी तर खास आभार. साइडकार डावीकडे, त्यामुळे रेस दिली की गाडी डावीकडे ओढते आणि ब्रेक मारला की उजवीकडे, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या डंपरच्या अंगावर. तिसऱ्या चाकाला ड्रम ब्रेक घालून त्याची केबल पायाच्या ब्रेकला जोडल्यावर ती ओढ निम्म्याहून कमी झाली. गणपतीपुळ्याच्या उतारावर मी तुम्हाला रोज दुवा देतो.

आणि सेटिंग. लोकांना वाटतं साइडकार लावली म्हणजे झालं. तुम्ही खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या चाकांना लावल्यात आणि पट्ट्यांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा पाऊण इंच कमी येईपर्यंत बोल्ट सैल-घट्ट करत राहिलात. तिसरं चाक मागच्या चाकाच्या नऊ इंच पुढे. मग ओळंबा सोडून मोटरसायकल उजवीकडे जराशी कलती केलीत, कारण आपले रस्ते डाव्या कडेला उतरते आणि भारही डावीकडे. हे रिकाम्या साइडकारवर मापून उपयोगाचं नाही, म्हणून तुम्ही हिला वजन विचारलंत. तिने सांगितलं नाही. तुम्हीही जास्त विचारलं नाहीत. नुसत्या सांगाड्यावर फळी टाकलीत, "वहिनी, बसा" म्हणालात, आणि ती पदर खोचून मासळीच्या लिलावाला बसल्यासारखी तासभर तिथे बसून राहिली. शेवटी तिनेच ओळंब्याची दोरी धरली.

चालवायला शिकवलंत तेही मैदानात, साइडकारमध्ये जांभ्याचे दोन चिरे ठेवून. डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलते, हे तुम्ही तोंडाने न सांगता चिरे काढून दाखवलंत. माझे हात दुसऱ्या दिवशी वर होत नव्हते.

मजुरीचे 15,000 धरून सगळे मिळून 76,500 झाले. अ‍ॅव्हरेज पडलं, साठच्या वर मी जात नाही, चिंचोळ्या गल्लीत वळवताना उतरून ढकलावी लागते. पण गेल्या महिन्यात आम्ही जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलो, हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर गाठलं आणि हिने वाटेत एकदाही लिंबू मागितलं नाही. बोटीवरच्या पोराला तिकीट दुचाकीचं फाडायचं की रिक्षाचं ते कळेना. त्याने दुचाकीचं फाडलं, आम्ही गप्प बसलो.

आता कामाचं. मजुरीत तुम्ही सेटिंगचे पैसे धरलेच नाहीत. पाइप कापण्याइतकाच वेळ त्यात गेला, मी बघत होतो. ते पैसे पुतण्याकडे दिले आहेत. परत पाठवू नका, हिने बजावून सांगितलंय. पाऊस संपला की चारही क्लॅम्प उघडून बघायला गाडी आणतो. आणि देवगडचा एक बुलेटवाला तुमचा पत्ता घेऊन गेलाय, त्याला वडिलांसाठी साइडकार हवी आहे. घाईत दिसला. त्याला आधी आरटीओकडे पाठवा.

आपला,
थंडरबर्डवाला