‘आता घरी न्या’ म्हणण्याआधी

कर्करोगावरील नव्या औषधांविषयीचा रविवारचा लेख वाचला. त्यात उपशामक सेवेचा, म्हणजे गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, उल्लेखही नाही, याची खंत वाटली. बोस्टनमधील १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या ज्या रुग्णांना निदानानंतर लवकरच ही सेवा मिळाली, त्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने, तर फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे ८.९ महिने होते. आपल्याकडे मात्र ‘आता घरी न्या’ असे सांगितल्यावरच तिची आठवण होते. माझ्या वडिलांना मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या शेवटच्या अकरा दिवसांत मिळाल्या. कित्येक आठवड्यांनी ते कुशीवर वळून झोपले. आई रात्रभर उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकत होती. मॉर्फिनच्या परवान्यांची किचकट अट २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल झाली आहे. जिल्हा रुग्णालयांनी निदान होताच रुग्णाला या सेवेशी जोडून द्यावे.

– एक वाचक, सातारा