आधी गच्ची, मग पॅनेल

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ज्येष्ठांच्या केंद्राचं वीजबिल वाढत चाललंय म्हणून समितीने दुपारच्या वेळी निम्मे पंखे-दिवे बंद ठेवायचं ठरवलंय, आणि एक देणगीदार गच्चीवर सोलर बसवून द्यायला तयार आहे, असं तू लिहिलंस. पहिला निर्णय कृपा करून मागे घ्यायला लाव. दुसरा थोडा पुढे ढकल.

वय झालं की घाम कमी येतो, तहान उशिरा कळते. त्यात अनेकांना शरीरातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतात. खोली किती तापलीय हे त्यांना तुझ्या-माझ्याइतकं चटकन जाणवत नाही, म्हणून ‘कुणी तक्रार केली नाही’ यावर विसंबू नको. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० जास्त मृत्यू झाले आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. थंडीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शनात थंडीत घरातलं तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये असं म्हटलंय, आणि वृद्धांना याहून जास्त ऊब लागू शकते असंही. बिल कमी करायचंच आहे, पण ते छत, भिंती आणि यंत्रांकडून वसूल कर. तिथल्या काका-मावशींच्या सोसण्यातून ते काढायचं नाही, एवढं समितीला ठामपणे सांग.

सुरुवात फुकटात होते. रात्री कुलूप लावताना मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, सकाळी उघडताना पुन्हा लिहायचा. रिकाम्या इमारतीने रात्रभरात किती युनिट खाल्ले ते कळतं. दार नीट न लागणारा जुना फ्रिज, चालू राहिलेला वॉटर कूलर, विसरलेला गिझर अशी चोरवाट बहुधा इथेच सापडते.

मग गच्ची. तुमची इमारत एकमजली आहे, म्हणजे दिवसभराचं ऊन थेट सभागृहाच्या डोक्यावर. ऊन परतवणारा पांढरा लेप लावला तर स्लॅब मुळातच कमी तापतो आणि संध्याकाळी खाली उष्णता सोडत राहत नाही. त्यावर धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून वर्षातून एकदा तरी धुवायची आणि काही वर्षांनी पुन्हा लेप द्यायची तयारी हवी. थंडीचाच त्रास मोठा असेल तिथे पांढऱ्या रंगापेक्षा छताखाली उष्णतारोधक थर देणं आणि दारं-खिडक्यांच्या फटी रबरी पट्ट्यांनी बुजवणं जास्त उपयोगाचं. फटी बुजवणं हे सगळ्यांत स्वस्त काम, पण मोकळी हवा यायची जागा मात्र ठेवायलाच हवी, विशेषतः जिथे गॅस जळतो तिथे.

गच्चीचं काम पॅनेलच्या आधी का, तर एकदा सांगाडे उभे राहिले की गळती काढायला आणि लेप द्यायला पुन्हा ते उतरवावे लागतात. शिवाय वापर आधी खाली आणला तर लहान सोलरनेही भागतं, आणि देणगीतले उरलेले पैसे गच्चीलाच लावता येतील. सोलरला माझा विरोध नाही. तुमचं केंद्र दिवसाच चालतं, त्यामुळे वीज तयार होईल तेव्हाच वापरली जाईल. अशा इमारतीला ते शोभतंच.

पंख्यांचा हिशोब तूच करून बघ. साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा, ३०च्या आसपास. बारा पंखे रोज दहा तास चालले तर दिवसाला ५.४ युनिट वाचतात, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,६२० युनिट. तुमच्या दराने गुणलंस की पंख्यांचे पैसे कधी फिटतील ते कळेल. जे सगळ्यांत जास्त चालतात ते आधी बदल. आणि भिंतीवरच्या बटणाने चालणारे घे, रिमोट हरवतो आणि त्यावरची अक्षरं मावशींना दिसत नाहीत. हवा चाळिशीपार गेली की मात्र पंख्यावर भिस्त ठेवायची नाही, तो गरम हवाच अंगावर टाकतो. त्या दिवसांसाठी एक मध्यम खोली नीट बंदिस्त करून तिथे एसी लावा. अख्खं सभागृह गार करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

दिव्यांबाबत एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. जुन्या ३६ वॅटच्या ट्यूबच्या जागी १८-२० वॅटची एलईडी लावलीस की वीज निम्म्यावर येते. त्या बचतीतून जिना, उंबरठे आणि संडासाच्या वाटेवर चार दिवे वाढव. डोळ्यांवर तिरीप येणार नाही अशा झाकणाचे घे. आपोआप बंद होणारे सेन्सर साठवणीच्या खोलीत लाव, संडासात नको. तिथे म्हातारं माणूस बराच वेळ हालचाल न करता बसलेलं असतं. अंधार झाला की चाचपडत उठतं आणि पडतं. वाचलेल्या दोन युनिटांची किंमत मोडलेल्या खुब्याएवढी असू शकत नाही.

गिझरचंही तसंच. टाकीचं तापमान ४५-५० वर आणा असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नको. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि वृद्धांच्या फुप्फुसांना त्यांचा मोठा धोका असतो. टाकीत पाणी ६० अंशांवर ठेव, नळाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसव म्हणजे कुणी भाजणार नाही. बचत करायची तर टाकीला आणि नळ्यांना उष्णतारोधक आवरण घाल. गिझर बदलायची वेळ आलीच तर हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचा, भाव काढ. एका युनिट विजेत तो साधारण तीन युनिट उष्णता देतो.

आता एक कर. मागच्या बारा महिन्यांची बिलं, रात्रीचे मीटरचे आकडे आणि पंखे-दिव्यांची मोजदाद मला पाठव. समितीची बैठक त्याआधी असेल तर निदान पंखे चालू ठेवायचा ठराव तेवढा करून घे. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र