नऊ वीरगळांपैकी सहाच उरले

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी भीमेकाठच्या आमच्या गावात गटाराच्या कामाला जेसीबी आला. महादेवाच्या देवळामागचे तीन वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, उपटून गटाराच्या भिंतीत घातले. मी धावत पोचलो तेव्हा एकावर ओलं सिमेंट होतं, ते हातानंच पुसलं. खाली ढाल-तलवार घेतलेला गडी, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला होता, तेवढा तुकडा फुटून गेला.

पाहणीला आलेले साहेब म्हणाले होते, "दिवाळीआधी शेड टाकून देतो." दिवाळी जाऊन सहा महिने झाले. गुडघा सुजलेला असताना मी चार वेळा तालुक्याला खेटे घातले. ऐन कांदा काढणीत चार दिवस बुडाले. शेवटी उत्तर मिळालं, "दगड यादीत नाहीत."

यादीत नाहीत म्हणजे ते कुणाचेच नाहीत का? हे दगड ज्या काळातले, तेव्हा देवगिरीचे यादव आणि कर्नाटकातल्या द्वारसमुद्राचे होयसळ कृष्णा-मलप्रभेच्या मुलखासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढले. ११९०च्या सुमारास सोरटूरला होयसळांच्या वीर बल्लाळानं यादवांच्या भिल्लमाला हरवलं आणि लक्कुंडीपर्यंत धडक मारली. पुढे यादवांच्या सिंघणानं तो मुलूख परत घेतला. पूर्वेला वरंगळच्या काकतीयांशी तेच. भिल्लमाच्या मुलानं, जैतुगीनं, त्यांचा राजा मारला, त्याच घराण्यातल्या गणपतिदेवाला कैदेत ठेवलं. एवढी माणसं कापून मिळवलं काय? १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला, आणि १३११ साली त्याचा सेनापती मलिक काफूर द्वारसमुद्रावर चालून गेला तेव्हा त्याच्या फौजेला रसद पुरवली ती देवगिरीच्या रामचंद्रानंच!

या राजांचे शिलालेख आहेत, ताम्रपट आहेत. त्यांच्या काळात जो गडी मेला त्याच्या नावानं एवढा एकच दगड उभा राहिला, त्यावर एक अक्षरही नाही. आमचे वडील दर अमावास्येला तिथं नारळ फोडायचे. आणि आपलं सरकार? पुतळ्यांना पैसा आहे, जयंतीच्या मांडवाला आहे. चार पत्रे आणि दोन खांबांना नाही. गावोगाव हेच. कुठे वीरगळावर धुणं आपटतात, कुठे त्याची पायरी झालीय. वर्षानुवर्षं कुणी साधी मोजदाद केली नाही.

ते तीन दगड भिंतीतून काढून द्या. नऊही दगडांची नोंद करा.

उरलेल्या सहांवर मी घरची ताडपत्री टाकलीय. सोमवारी काम पुन्हा सुरू होणार आहे.

आपला,
देवळामागे राहणारा एक शेतकरी